साहेबांच्या नावाचा किडा

नाव ठरलं म्हणे! जिनं किडा शोधला तिला न विचारता किड्याचं नाव ठरलं, आणि वर पेढेही वाटायला घेतले.

सुकन्या हिरडे जामखेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे दर वर्षी नवी ऑर्डर, आणि ती हातात पडेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार. त्या दुपारी ती स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती. तेवढ्यात विभागप्रमुख बजरंग लोखंडे सर पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. तिचे पीएचडीचे गाइडही हेच.

“घे, तोंड गोड कर. साहेबांना सांगून आलो. आपल्या किड्याला त्यांचं नाव! इतके खूश झाले म्हणून सांगू.”

“आपल्या किड्याला?” सुकन्या म्हणाली. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. कॉलेज त्यांचं, शाळा त्यांच्या, आणि चौकातला प्रत्येक फ्लेक्सही त्यांचाच. वर हे हात जोडून हसतायत आणि खाली गल्लीतली पोरं गॉगल लावून ओळीनं. यंदा त्यांचा वाढदिवस नेमका नागपंचमीला आला होता. वाढदिवसाला साहेबांना काय द्यावं, ही लोखंडे सरांची दर वर्षीची काळजी. शाल झाली, चांदीची तलवार झाली, ग्रंथतुला झाली. किडा तेवढा कुणी दिला नव्हता.

“सर, नाव मी आधीच लिहिलंय पेपरमध्ये. राहीबाईंचं.”

“कोण राहीबाई?”

“जिच्या बांधावर ते वारूळ आहे, ती.”

“मग तिनं काय केलं? वारूळ तर मुंग्यांनी बांधलं.”

“वाळवीनं, सर.”

प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखाला हे सांगावं लागतं, आता बोला! सरांनी हात झटकला. “तेच ते. हे बघ, असलं नाव जगबुडीपर्यंत राहतं, असं तूच सांगितलंस ना मला? मग ते काय एका म्हातारीवर वाया घालवायचं? आणि तुझी पुढची ऑर्डर कोण काढतं, जरा आठव.”

सुकन्यानं पेढा खाल्ला नाही, खिडकीत ठेवून दिला.

आता त्या किड्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळा जाळ पेटला तो त्याच्यावरून. तांदळाच्या कणीएवढा जीव. भुंगेऱ्यांच्याच गोतातला, पण पाठीवरचे टणक पंख इतके आखूड की बंडी घातल्यासारखे, आणि खाली पोट सगळं उघडं. त्याचे भाऊबंद शेणात, पाचोळ्यात सुसाट धावतात, अळ्या मारून खातात. हा पठ्ठ्या तसला नव्हता. हा वारुळात राहायचा, वाळवीच्या घरचा पाहुणा म्हणून. त्याचं पोट फुगून मागून वर वळलेलं, थेट पाठीवर आलेलं. त्यातून कसलासा रस पाझरायचा. वाळवी तो चाटायची आणि बदल्यात ह्याला भरवायची. बाहेर उन्हात ठेवला तर बघता बघता सुकून मरणार. वाळवी आहे तोवर तो आहे, एवढा साधा हिशोब.

गेल्या कार्तिकात सुकन्यानं तो काढला होता. वारुळाच्या पोटात वाळवी बुरशीची बाग लावते, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. त्या बागेच्या एका तुकड्यावर हा बसलेला होता. नर होता. या किड्यांची जात ओळखायची तर पोटाच्या टोकातून नराचा अवयव सुईनं सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, कारण वरून सगळे सारखेच दिसतात. तो अवयव केसापेक्षा बारीक. सुकन्यानं श्वास रोखून तो सोडवला, त्याची चित्रं काढली, आजवर छापून आलेल्या एकूण एक वर्णनांशी ताडून पाहिली. मग परदेशातल्या एका जाणकाराला फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, असला किडा आजवर कुणीच पाहिलेला नाही. सुकन्या लॅबमध्ये एकटीच होती, तिनं दार लावून घेतलं आणि अक्षरशः नाचली.

ते वारूळ राहीबाईच्या बांधावर, माळाच्या कडेला. पुरुषभर उंच, वर धुराड्यासारखी तोंडं. आसपासच्या माळावर आणखी वारुळं होती ती प्लॉटिंगवाल्यांनी आणि डाळिंबवाल्यांनी कधीच सपाट केलेली. हे टिकलं ते केवळ राहीबाईच्या तोंडाला लोक भ्यायचे म्हणून. दर पंचमीला आळीतल्या बाया तिथं जाऊन लाह्या, दूध, हळदीकुंकू वाहायच्या. सुकन्या पहिल्यांदा खुरपं घेऊन आली तेव्हा राहीबाईनं तिला बांधावरूनच परत पिटाळलं होतं. तीनदा पिटाळलं. चौथ्यांदा चहा दिला.

“बाजूनं इवलंसं टोकर,” तिनं अट घातली. “आन काम झालं की वली माती लावून लिंपून दे. आन सरावन लागला की पंचमी झाल्याबिगर हात लावायचा न्हाई. त्या दिसांत आमी विळीवर भाजी चिरीत न्हाई, तू वारूळ कशी चिरशील?”

सुकन्यानं मान डोलावली होती. किडा नवा निघाल्यावर तिनं म्हातारीला सांगितलं, मावशी, ह्याला तुमचं नाव देणार. राहीबाई पदर तोंडाला लावून हसली. “किड्याला माजं नाव? सुनंला सांगू नगंस, तिला लई आनंद हुईल.”

आणि मग आषाढ सरता सरता, पेपर पाठवला होता त्या नियतकालिकाचं उत्तर आलं. काम उत्तम आहे, पण एकाच नगावर नवी जात मांडणं धोक्याचं. आणखी काही नमुने आणा, मादी मिळाली तर फारच चांगलं. सुकन्या धावत बांधावर गेली, तर श्रावण दाराशी आलेला. ती म्हणाली, मावशी, आत्ताच थोडं टोकरते. राहीबाई म्हणाली, पंचमी होऊ दे, वारूळ कुटं पळून चाल्लंय? शब्द दिला होता. सुकन्यानं शब्द पाळला.

पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी लोखंडे सरांनी तिला नगरला परीक्षेचे पेपर तपासायला धाडलं. तिचं घर नगरजवळच, नागापूरला, वडील तिथल्या एमआयडीसीत फिटर. तेवढंच आईच्या हातचं जेवण, म्हणून ती गेलीही. मनात एकच गोष्ट होती. पंचमी संपली की थेट बांध. मादी सापडली, दोनचार नर सापडले, की पेपर पक्का. नावाचं पुढचं पुढं. पेपरावर सही करायला नकार देईन, काय करायचं ते करा.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती आली. पिशवीत खुरपं, चिमटा, डब्या, पाण्याची बाटली, लिंपायला ओली माती करायची म्हणून घमेलंसुद्धा. बांधाकडे वळली आणि पाय जागीच थबकले.

वारुळाभोवती कट्टा झाला होता. चकचकीत गुलाबी फरशी, स्टीलचं रेलिंग, वर पत्र्याचं छत. खाली दगडी पाटी: साहेबांच्या वाढदिवसानिमित्त, साहेबांच्या शुभहस्ते, नागदेवता परिसर सुशोभीकरण. सुतळीला लटकलेली झेंडूची फुलं. रिबनचा कापलेला तुकडा चिखलात पडलेला. आणि मधोमध वारूळ. वारूळ कसलं, त्याची मूर्ती! पावसानं झिजू नये म्हणून वरून सिमेंटचा गिलावा, तोंडांतून आत सिमेंटची लापशी ओतलेली, आणि वर चांदीचा ऑइलपेंट. चांदीचा! उन्हात असं चमकत होतं की डोळ्यांना बघवेना.

सुकन्या रेलिंगवरून आत शिरली. कट्ट्याच्या कडेनं जमिनीला हारीनं भोकं पाडून बुजवलेली होती. तिनं वाकून वास घेतला. हा वास तिला ठाऊक होता. बांधकामाआधी पाया भरताना मारतात ते वाळवीचं औषध.

“आलीस व्हय गं?” मागून राहीबाईचा आवाज आला. नव्या लुगड्यात होती, आदल्या दिवशीचं कुंकू कपाळावर तसंच. “बघ की कसं झ्याक केलंय! मी म्हनलं वारुळाला हात लावू नका, तर म्हनले, मावशी, हात कशाला लावतोय, नागोबाला घर बांधतोय. तुझ्या सरांनी तुझंबी नाव घेतलं मायकावर.”

राहीबाईनं सुकन्याचं तोंड पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. “काय झालं गं पोरी?”

“मावशी, आतली वाळवी मेली.”

“अगं, फकस्त कडंनं औशद टाकलं. कट्ट्याला वाळवी लागू नये म्हून...” बोलता बोलता म्हातारी थांबली. स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं असावं. तिनं चांदीच्या वारुळाकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं. मग घरात गेली आणि कुदळ घेऊन आली.

“फोड,” ती म्हणाली.

“मावशी, श्रावण आहे.”

“मढ्याला कसला आलाय सरावन? फोड म्हनते ना!”

सुकन्यानं फोडलं. गिलाव्याचा टवका उडाला, खाली सिमेंट घट्ट बसलेलं, त्याच्याही खाली ओला लगदा. पांढरी वाळवी थराथरानं मेलेली. बुरशीची बाग काळी पडून नासलेली. तिनं डबी डबी भरून लगदा घेतला, लॅबमध्ये नेऊन पाण्यात सोडला, मान मोडेस्तोवर सूक्ष्मदर्शकाखाली चाळला. मिळालं काय, तर आखूड पंखाचा एक टवका. बंडीची एक बाजू. त्यावरून नर की मादी तेही कळेना.

मग तिच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती घेऊनच ती विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये शिरली. चांदीचा रंग लागलेला सिमेंटचा डिखळा तिनं त्यांच्या टेबलावरच्या काचेवर आपटला. काचेला चीर गेली.

“घ्या! साहेबांचा किडा. जपून ठेवा, आत आहे तो, सिमेंटमध्ये!”

“अगं, अगं, काय हे!” लोखंडे सर खुर्ची मागे सरकवत म्हणाले. “काय झालं ते तरी सांग.”

“वाळवीच्या घरात राहणारा किडा, सर! त्याच्या सन्मानाला तुम्ही वाळवीचं औषध मारलंत! सुचलं कसं?”

“मी कुठं मारलं? कट्टा म्हटला की कॉन्ट्रॅक्टर मारतोच. पद्धतच आहे ती. आणि तुझ्याकडे एक नग आहे ना? छाप की तेवढ्यावर.”

“आणि जिवंत? जिवंत एकतरी आहे का आता? सर, सगळ्या जगात ती एक जागा माहीत होती आपल्याला. एक!”

“आवाज खाली,” सर म्हणाले, आणि स्वतःचाही आवाज त्यांनी खाली आणला. “धर्माचं काम झालंय तिथं. लोक खूश आहेत, साहेब खूश आहेत. तू आत्ता तोंड उघडलंस तर लोक म्हणतील, बाई नागोबाच्या आड आली. मग मीसुद्धा वाचवू शकणार नाही तुला.”

नागोबाच्या आड! जिनं नागोबापायी हातातले दिवस गमावले, ती आड आली! आणि ज्यांनी त्याचं घर लापशी ओतून बुजवलं ते भक्त! सुकन्या तिथून निघाली ती रडत नव्हती. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीपर्यंत तिनं पालथं घालायचं काही शिल्लक ठेवलं नाही. खर्डा गावाच्या बाजूला गेली, घाटाखाली उतरली, वारूळ दिसलं की मालकाच्या हातापाया पडून टोकरलं, लिंपलं. वाळवी सापडली. पाहुणा नाही. प्रत्येक वेळी ती परतताना राहीबाईकडे थांबायची आणि म्हातारी तिच्या तोंडाकडे बघूनच समजायची.

एकदा राहीबाई म्हणाली, “मीच थांबिवलं तुला. सरावनाआदी टोकरू दिलं असतं तर...”

“तुम्ही नाही मारलं, मावशी.” सुकन्या म्हणाली. “नाव तुमचंच देणार आहे मी. सर काय करायचं ते करू देत.”

राहीबाईनं चुलीतलं लाकूड असं आत ढकललं की ठिणग्या उडाल्या. “नगं. मेल्याला माजं नाव कशाला? म्या सांभाळला तवर तो जित्ता हुता. ज्यानं मारला त्याचं नाव घाल. घाल म्हनते! आन कसा मारला तेबी लिव्ह. ऱ्हाऊ दे जगबुडीपत्तुर.”

सुकन्या उठली, चहासुद्धा न पिता.

दुसऱ्या दिवशी ती लोखंडे सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, सर, तुम्ही म्हणता तेच नाव देते. सरांना कोण आनंद! शेवटी अक्कल आली म्हणाले. पेपर त्यांच्यापुढे ठेवला तर त्यांनी पहिलं पान उघडलं, लेखकांत स्वतःचं नाव पाहिलं, किड्याच्या नावात साहेबांचं आडनाव पाहिलं, आणि ‘पाठव’ म्हणाले. पुढचं पान उलटायची त्यांना गरज वाटली नाही. पीएचडीचे प्रबंधही ते असेच वाचायचे. तो एकुलता नर रीतीप्रमाणे पुण्याच्या संग्रहालयात जमा झाला, कारण नाव ज्या नगावर टेकतं तो जपून ठेवावाच लागतो. नियतकालिकानं या वेळी जास्त नमुने मागितले नाहीत. का मागितले नाहीत, ते पेपरातच होतं.

पेपर छापून आला आणि संस्थेच्या सभागृहात सत्कार ठरला. पेपरची पानं मोठी करून सोनेरी चौकटीत बसवलेली. व्यासपीठावर साहेब, शेजारी लोखंडे सर फेटा बांधून. वारुळाची मालकीण म्हणून राहीबाईला पहिल्या रांगेत बसवलेलं, मांडीवर साडीचोळीचं ताट. पत्रकार, सरपंच, कॉलेजची पोरं, सभागृह खच्चून भरलेलं. सुकन्या कडेला उभी होती. पुढची ऑर्डर मिळणार नाही हे तिला घरून निघतानाच माहीत होतं. वडिलांना फोनवर तसं सांगूनही झालं होतं.

साहेबांनी चौकट हातात घेतली, कॅमेऱ्यांकडे वळवली. मग मायक ओढून म्हणाले, “आता हे सगळं पडलं इंग्रजीत. आपल्या लोकांना कसं कळणार? हिरडे मॅडम, या. माझ्या नावाबद्दल इथं काय लिहिलंय, तेवढं मराठीत वाचून दाखवा.”

टाळ्या पडल्या. लोखंडे सरांनीच सगळ्यात जोरात वाजवल्या.

सुकन्या पुढं आली. चौकटीतली ओळ तिला शोधावी लागली नाही. ती एक एक शब्द सुटा करून वाचू लागली.

“ही जात फक्त एका वारुळातून, एकाच नरावरून माहीत आहे. वर्णनाचं काम चालू असताना त्या वारुळावर कट्टा बांधण्यात आला. बांधताना जमिनीत वाळवीचं विष सोडलं आणि वारुळाच्या तोंडांतून सिमेंट ओतलं. आतला एकही जीव वाचला नाही. पुष्कळ शोध घेऊनही ही जात पुन्हा सापडलेली नाही. ती बहुधा संपली आहे. तो कट्टा ज्यांच्या वाढदिवसासाठी बांधला आणि ज्यांच्या हस्ते खुला झाला, त्यांचंच नाव या जातीला दिलं आहे.”

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. साहेबांच्या तोंडावरचं हसू फ्लेक्सवरल्यासारखं चिकटून बसलं होतं. लोखंडे सरांचा फेटा एका बाजूला कलला, तो सावरायचंही त्यांना भान नव्हतं. मागच्या रांगेतल्या पोरांचे मोबाईल मात्र वर आले.

साहेब मायकवर हात ठेवून लोखंडे सरांकडे झुकले. “हे बदलून घ्या,” ते दात आवळून म्हणाले. “आजच्या आज.”

“नाही बदलत, साहेब,” सुकन्या म्हणाली. सरांकडे बघूनच म्हणाली. “एकदा छापलं की छापलं. सरही तेच म्हणाले होते मला, असलं नाव जगबुडीपर्यंत राहतं.”

राहीबाई उठली. मांडीवरचं ताट तिनं खुर्चीवर ठेवलं, साडीचोळीसकट.

“पोरी, मागल्या लोकास्नी न्हाई ऐकू गेलं,” ती सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी म्हणाली. “परत वाच.”

सुकन्यानं साहेबांच्या हाताखालून मायक ओढून घेतला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.